हाताने वळलेला दोर

४ फेब्रुवारी
नातीला दटावलंय, मी बोलेन तसंच लिहायचं. शहाणपणा घालायचा नाही! चेहरा पाडून बसलीय.
आज आमच्या दोराच्या शेडपाशी एकाच गाडीतून दोघं उतरले. एक सरकारी साहेब, दुसरा मोठ्या दोर-कंपनीचा. दोघं मिळून नवं धोरण ठरवतायत म्हणे. वजन उचलायला कुठला दोर चालेल, कुठला नाही. शेड मुलगा चालवतो, पण माल मी पारखते, म्हणून मलाच विचारलं, "आजी, तुमचे सगळे दोर एकसारखे असतात?" मी म्हटलं, "अहो, माझी चार पोरं एकसारखी निघाली नाहीत, दोर कुठले निघतायत!" दोघं खो खो हसले. साहेबाने लिहूनही घेतलं. मी खूश!

१९ फेब्रुवारी
मसुदा आला. नातीने वाचला. हाताने वळलेला दोर बांधकामाला बंद. कारण? 'एकसारखेपणा नसल्याचे कारागिरांनीच मान्य केले आहे.' कारागीर म्हणजे मी! जीभ हासडून टाकावीशी वाटते. शेडमध्ये अकरा बायका आहेत. त्यांना काय तोंड दाखवू?

२० फेब्रुवारी
जेवले नाही.

२६ फेब्रुवारी
सुनावणी. तीही कंपनीच्याच सभागृहात! साहेब कोण, मालक कोण, कळेना. मी उभी राहिले. "थट्टा होती हो ती! दोर तोडून तर बघा." साहेब गोड हसला. "आजी, दोर मजबूतच आहे. पण तुमचं म्हणणं कागदावर आलंय ना." मुलगा शेजारीच होता. चकार शब्द काढला नाही. घाबरला असेल — बापावर गेलाय.

३ मार्च
धोरण पक्कं झालं. बायकांनी दोर वळायची हातचाकं थांबवली. एक गळ्यात पडून म्हणाली, "तुमच्या एका वाक्याने नाही हो झालं, मावशी." झालंच! माझ्याच तोंडाने अकरा चुली विझवल्या. देवा, मुकी का नाही केलंस?

८ मार्च
नात धोरणाचं शेवटचं पान वाचत होती. सह्या. सरकारतर्फे, कंपन्यांतर्फे... 'छोट्या कारखान्यांतर्फे संमती' — इथे तिने पान मिटलं. दोनदा ओरडले तेव्हा नाव सांगितलं. तारीख वीस जानेवारी. साहेब शेडमध्ये यायच्याही आधीची!
मुलगा दारात उभा. "आई, मला हा धंदा कधीच नको होता."
लिही गं. थांबलीस का? तुझा बाप असला तरी लिही.