गाडी पुलावर बंद पडली तेव्हा

डिंडोली, सुरत

प्रिय धम्मा,

सप्रेम जय भीम. तू माझा फोनही उचलत नाहीस, म्हणून लिहितेय. तू भुसावळला मामांकडे गेल्यापासून आपली गाडी दारातच उभी होती. आई म्हणायची, भंगारात घाला. मी म्हटलं, आधी तपासू तरी.

लिंबायतचे बन्सीलालभाई मिस्त्री स्कॅनर घेऊन आले. बिघाड काही दिसेना. गाडी पहिल्या चावीत सुरू. “बेन, हिला काही झालेलं नाही,” म्हणाले. मी म्हटलं, अपघाताच्या दिवशीसारखी भर उन्हात चालवून बघू. निघताना बाबा काठी टेकत आले आणि मागे बसले, त्या दिवशी बसले होते त्याच जागेवर. उतरा म्हटलं, तर खिडकीबाहेर बघत राहिले.

गर्दीत रखडत, एसी लावून आम्ही पुलावर चढलो. चढावरच इंजिन बंद. मी ॲक्सिलरेटर दाबतेय आणि गाडी ढिम्म. आरशात मागचा ट्रक मोठा होत होता. बन्सीलालभाई उडी टाकून गमछा हलवत मागे धावले. ट्रक करकचून थांबला, अगदी हातभर अंतरावर. बाबांनी डोळे घट्ट मिटले होते.

भाई म्हणाले, सेल्फ मारा. इंजिन फिरत होतं, पण स्कॅनरवर फेऱ्यांचा आकडा शून्यच. “क्रँक सेन्सर!” इंजिन फिरतंय हे गाडीच्या कॉम्प्युटरला तोच कळवतो म्हणे. तो तापून गप्प झाला, की ठिणगी नाही, पेट्रोल नाही. त्यांनी ओला गमछा त्याच्यावर दाबून धरला. जरा वेळाने चावी फिरवली, गाडी सुरू! नवा सेन्सर बसवून दुसऱ्या दिवशी दुपारभर त्याच पुलावर फिरवली. एकदाही थांबली नाही.

अपघाताच्या दिवशी तू जीव तोडून सांगत होतास, गाडी आपोआप बंद पडली. पोलीस येईपर्यंत ती निवली होती. त्यांनी चावी फिरवताच सुरू झाली, आणि सगळ्यांनी ठरवून टाकलं, चालवताना तुला डुलकी लागली. मोडलेला पाय घेऊन खाटेवर पडलेले बाबाही तेच बोलले. काल ते जेवले नाहीत. म्हणाले, “पोरगं खरं बोलत होतं, मीच त्याला खोटं पाडलं. लिही त्याला.” परत ये म्हणून लिहू का, विचारलं. म्हणाले, “नको. मीच जातो.” येत्या रविवारी मी त्यांना घेऊन येतेय, याच गाडीतून. ट्रेनने जाऊ म्हटलं, तर ऐकत नाहीत. धम्मा, दार तेवढं उघड.

तुझीच ताई,
विशाखा