सम्राटांच्या गळ्यावरची रेघ

रोम, सॅटर्नच्या सणाला तीन दिवस बाकी

चिरंजीव हर्मेरोस,

तू खुशाल असशील तर बरं, मीही खुशाल आहे, असं लिहायची आपल्यात रीत. तू कोठडीत असताना ते लिहायला हात धजत नाही. तुझी वहिनी मसुराचं कालवण आणि भाकरी पाठवतेय. तुझी लेक रांगायला लागली. तिची आई रोज दारात येऊन विचारते, "दादा, कधी सोडतील हो त्यांना?"

टांकसाळीत तुझाच विषय. नव्या चांदीच्या नाण्यांवर सम्राटांच्या गळ्याला आडवी रेघ उमटली, आणि साचा तुझ्या हातचा. "गळाच चिरलास की रे!" असं अधिकारी तुझ्यावर ओरडला, तेव्हा मी शेजारीच उभा होतो. माझी छिन्नी पुसत राहिलो. उद्या सुनावणी, आणि दोष ठरला तर खाणीत जन्म काढायचा.

बारा वर्षं मी नाण्याची मागची बाजू कोरतोय. विजयदेवीचे पंख, कणसं, जहाजं. हातोडा बसतो माझ्या वरच्या साच्यावर, आठवड्यात फुटतो, की पुन्हा नवा कोरा! सम्राटांच्या चेहऱ्याचा साचा मात्र खाली ऐरणीत बसवलेला, निवांत. कधीतरी तो चेहरा मला मिळेल म्हणून वाट पाहिली. मिळाला तुला, ज्याला छिन्नी धरायला मीच शिकवलं. वर विचारलंस, "दादा, बघ ना, नाक जमलंय का?"

जमलं होतं रे. तेच मला सहन झालं नाही.

साच्याला पाणी द्यायचं, म्हणजे तो तापवून कडक करायचं काम तू विश्वासानं माझ्यावर टाकलंस. मी तो भट्टीत नको तितका तापू दिला आणि तसाच गार पाण्यात बुडवला. घाव बसले की तडकणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. तुझं काम काढून घेतील, एवढंच मनात होतं. तडा नेमका गळ्यावरून जाईल आणि राजद्रोह म्हणतील, हे डोक्यात आलं नाही.

काल तुझा निरोप आला, "दादा, तूच माझ्या बाजूनं बोल, तुझं ऐकतील." तेव्हापासून हे पत्र लिहीत बसलोय.

हे पत्र मोहोर न लावता देतोय. आधी अधिकारी वाचेल, मग तू. त्याचं वाचून होईतो मी टांकसाळीच्या दारात उभा राहीन.

सुटलास की तो चेहरा पुन्हा कोर. हेवा मला अजूनही वाटतो, खाणीतही वाटेल. पण कोर.

क्षमा मागायला तोंड नसलेला,
तुझा दादा
थॅलस