कोठडीची किल्ली कुणाच्याही हाती असो

तीर्थरूप बाबा,
तुमच्या दुभाषी लेकीचा दुरूनच वाकून नमस्कार.

मी वेळेवर जेवते. घसा जरा बसलाय, पण ते बोलून बोलून.

आज आंतरराष्ट्रीय मानवी हक्क न्यायालयात निकाल लागला. इकडच्या एका देशाच्या सरकारने खासगी कंपनीला चालवायला दिलेल्या तुरुंगात एक कैदी पहारेकऱ्यांच्या मारहाणीत गेला होता. त्याच्या आईने दाद मागितली होती. सरकारचे वकील म्हणत होते, "पहारेकरी कंपनीचे, आमचा काय संबंध?"

न्यायाधीशबाई शांतपणे म्हणाल्या, "माणसाला कोंडण्याचा अधिकार सरकारचा आहे. काम दुसऱ्याला देता येतं, जबाबदारी नाही."

मी ते त्या माउलीला तिच्या भाषेत सांगितलं. ती म्हणाली, "पुन्हा सांग, पोरी." तीनदा सांगितलं. बाबा, एवढं मोठं सरकार, पण त्याची माणसं खाली मान घालून उभी होती आणि ही ताठ बसली होती.

तुमचा जुना तुरुंगही कंपनीला देणार म्हणे, खरं का? आईचे गुडघे कसे आहेत?

कोर्टातून निघताना त्या माउलीने माझा हात धरून विचारलं, "वडील काय करतात?"

"तुरुंगात पहारेकरी होते," मी चाचरत सांगितलं.

तिने हात सोडला नाही.

तुमचीच,
धाकटी