तळोज्याचा बुधवार

पनवेल,
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

चि. निशा हिस,

बाबांचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व खुशाल आहे, असं लिहायची रीत असते म्हणून लिहिलं.

पत्र बघून दचकशील. याआधी तुला मी एकदाच पत्र लिहिलं, तू सातवीत असताना. शाळेनं पालकांना गृहपाठ दिला होता. तेव्हाही मजकूर आईनं सांगितला, मी खाली सही ठोकली. आता फोन सोडून कागद घेतला, कारण फोनवर तू 'हं, हं बाबा' म्हणत दुसरंच काहीतरी टाइप करत असतेस. तुला वाटतं मला कळत नाही. बंद कंटेनरच्या आतल्या कॉम्प्रेसरचं बेअरिंग कधी जाणार हे बाहेरून सांगणारा माणूस मी. मला पोरीची बोटं ऐकू येणार नाहीत? कागद वाचताना दोन्ही हात अडकतात. म्हणून कागद.

आधी बातम्या. द्रोणागिरीला शेड भरलेली आहे. थंड कंटेनर दुरुस्तीला रांगेत उभे आहेत आणि कृष्णकांत मिस्त्री रोज नवी तक्रार सांगतो. तुला उचलून कंटेनरच्या टपावर बसवायचा तोच कृष्णकांत. आता स्वतःच चढताना धापा टाकतो. पापलेट महाग झालंय. समोरच्या इमारतीला पुन्हा रंग काढलाय, यंदा जांभळा.

आणि तुझी आई क्रिकेट खेळते.

मी अजून धक्क्यातून बाहेर आलेलो नाही. परवा बुधवारी दुपारी पावणेचारला मी गाडीनं घरी येत होतो. आपल्या मागच्या गल्लीत ते हिरव्या जाळीचं टर्फ झालंय ना, तिथं पुढे डंपर अडकला म्हणून थांबलो. काचा बंद, एसी चालू, डंपरवाला हॉर्न सोडत नव्हता. तरी कानात शिरलं, "धाव गो बाय, पाय मोरलं काय तुजं?" आणि मागून हसू. आवाज ओळखीचा वाटला, हसू नाही. म्हणजे कधीतरी ऐकलेलं होतं, पण कुठं ते आठवेना. उतरून जाळीपाशी गेलो तर आठ-दहा बायका, आणि यष्टीमागं वाकलेली तुझी आई, शोभा. पंजाबी ड्रेस, पायात बूट, मंगळसूत्र गळ्याशी आत खोचलेलं. दर बुधवारी गुडघ्याला शेक घ्यायला जाते म्हणून मला सांगणारी बाई टेनिस बॉलवर झेप घेऊन गडी बाद करत होती.

तिनं मला बघितलं. दचकली नाही. चेंडू ओढणीला पुसत जाळीपाशी आली आणि म्हणाली, "तलोज्याचा काम लवकर झाला आज?"

हो म्हटलं.

"बंद कंपनीत काम लवकरच व्हतो," म्हणाली, आणि परत जाऊन यष्टीमागं उभी राहिली.

आता तुला तळोज्याचं सांगायला हवं. बाबांचा बुधवार म्हणजे तळोजा, हे तू कॉलेजात असल्यापासून ऐकत आलीस. तिथल्या एका केमिकल कंपनीची थंडाव्याची यंत्रं माझ्याकडे होती. नऊ वर्षांपूर्वी एका बुधवारी गेलो तर फाटकाला साखळी. कंपनी बंद. मी गाडी वळवली ती शेडकडे यायच्या ऐवजी सरळ उरणला, मोरा बंदरावर नेली. का, ते आजही सांगता येणार नाही. तिथं इलियास भेटला. आम्ही आयटीआयला एका बाकावर होतो. कुवेतहून परत येऊन त्यानं धक्क्याजवळ दुकान टाकलंय. त्यानं हातात गळ दिला. संध्याकाळपर्यंत बसलो. एक मासा लागला नाही, आणि निशा, मला इतकं बरं याआधी कधी वाटलं नव्हतं.

पुढच्या बुधवारी परत गेलो. मग जातच राहिलो. गळ टाकायचा, इलियासशी पत्त्यांचा डाव मांडायचा, त्याच्या दुकानामागच्या खाटेवर तासभर झोपायचं. मासा लागला तर त्याच्या घरी फरिदावहिनींना द्यायचा. तळोज्याहून येणारा माणूस जिवंत शिंगाळा घेऊन घरी कसा येईल?

खोटं का बोललो? माझे वडील, तुझे काशिराम आजोबा, मिठागरावर राबले. दिवसाउजेडी बसलेला माणूस दिसला की विचारायचे, आजारी हायस का. बसायला आजारपणच लागायचं आमच्याकडे. मी त्यातून वर आलो ते सतत कामात दिसून. रिकामा दिसणारा कारागीर कुणालाच नको असतो. कामात असणं आणि कामात दिसणं यातला फरक मला धंद्यानं शिकवला, पण तो मी घरात कुणाला सांगितला नाही. उलट सांगत सुटलो, एक सुट्टी घेत नाही; आकडा वाढत आता बावीस वर्षांवर आलाय. पाहुण्यांना सांगितलं, तुझ्या शाळेत सांगितलं. तू अंगात ताप असताना शाळेत गेलीस आणि शंभर टक्के हजेरीचं प्रमाणपत्र आणलंस, ते मी फ्रेम करून शेडमध्ये लावलं.

बुधवारी टर्फवरून घरी आल्यावर तुझ्या आईला विचारलं, तुला कधी कळलं? ती भाजी निवडत म्हणाली, "त्या कंपनीचा वास जावाला तुमचं शर्ट मी तीनदा धुवाची. नऊ वरसां एकदाच धुतंय. मना नाक नाय का?" मग बोललीस का नाही, म्हटलं. म्हणाली, तुमी हसत घरी येत व्हता, कशाला बोलू. तीन वर्षांपूर्वी तिनं स्वतःचाही बुधवार शोधला. गुडघा ठणठणीत आहे.

मला एवढं हसू आलं की तुला सांगितल्याशिवाय राहवेना. म्हणून त्याच संध्याकाळी फोन केला. तू म्हणालीस, "ऑफिसात आहे बाबा, मीटिंगमध्ये."

मी ऐकलं ते लिहितो. तीन बारीक टिटटिट, मध्ये थांबा, मग दोन. तो आवाज मी आजोबांच्या उशाशी अकरा दिवस ऐकलाय. सलाइनचं मशीन अडलं की तसं वाजतं. मग एक बाई म्हणाली, "हाथ सीधा रखिए मॅडम, टाइप मत कीजिए." आणि तरी तुझी बोटं चालूच होती. एकाच हाताची, संथ.

आणि तोंडातून काय निघालं, आठवतंय तुला? मी म्हणालो, "शाब्बास. कर काम."

निशा, मी सगळं ऐकलं होतं आणि तरी शाब्बास म्हणालो. इतक्या वर्षांची सवय, जीभ आपोआप हलली. फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो आणि तुझ्या आईला तोंड दाखवायची हिंमत होईना.

काल मनस्वीला फोन केला. तिच्यावर रागावू नकोस. तुझ्यासोबत राहणारी मुलगी आहे, तिला मी पेचात पकडलं. सोमवारी तू ऑफिसात चक्कर येऊन पडलीस. डॉक्टरांनी महिनाभर काम बंद करायला सांगितलंय, नाहीतर पुढची चक्कर कुठं गाठेल सांगता येत नाही म्हणाले. आणि तू रजेचा अर्ज करायला तयार नाहीस. मनस्वीनं कारण विचारलं तर तू म्हणालीस, माझ्या बाबांनी बावीस वर्षांत एक दिवस घेतला नाही, मला काय झालंय.

हे ऐकून मी शेडमध्ये गेलो आणि कृष्णकांतला आडून विचारलं, बुधवारी मी कुठं असतो रे? तो मान वर न करता म्हणाला, "मोऱ्याला, शेठ. सगल्यांना म्हाईत हाय."

शेडला माहीत, घरात माहीत. माझ्यावर पूर्ण विश्वास ठेवणारं माणूस जगात एकच निघालं, आणि ते आज बंगळूरला हाताला सुई टोचून घेऊन टाइप करतंय.

मी तुला रजा घे असा हुकूम सोडत नाही. माझे हुकूम तू आजवर पाळलेस, त्यातूनच हे झालंय. फक्त ज्या माणसाकडे बघून तू नाही म्हणते आहेस तो माणूस कधी नव्हता, एवढं तुला माझ्या अक्षरात मिळावं म्हणून लिहिलं. तो मी बनवला होता, गिऱ्हाइकांसाठी. पोरगी तो खरा समजून घेऊन जाईल असं वाटलं नव्हतं.

कुरिअरवाला म्हणतो पाकीट सोमवारी पोहोचेल. मंगळवारी सकाळी आई आणि मी येतोय. तुला उचलून आणायला नाही. दार उघडलंस तर आत बसू, नाही उघडलंस तर जिन्यात बसू. आईनं पत्ते घेतलेत, आमचा वेळ जाईल. तू मीटिंगमध्ये आहेस म्हणालीस तर या वेळी मी शाब्बास म्हणणार नाही.

नऊ वर्षं स्वतः बसलेला आणि तुला उभं ठेवणारा,
तुझा बाबा