मुका मार

अण्णा, त्या संध्याकाळी तुम्ही जेवणाचा डबा माझ्यावर फेकलात, की नुसताच फेकलात? याचं उत्तर मला आजही देता येत नाही.

मी सातवीत होते. बजाजनगरच्या आपल्या खोलीत आई भाकरी थापतेय, मी मोठमोठ्यानं कविता पाठ करतेय. आठवड्यापूर्वी कंपनीत लोखंडी रॅकला तुमचं डोकं आपटलं होतं. रक्त नाही, टाका नाही. डॉक्टर म्हणाले, "मुका मार आहे, जाईल." तुम्ही आईला हसून सांगितलंत, "मुका हाय म्हणं, अन् डोक्यात तर दिवसभर बडबडतोय!" मग तुमचं हसणंच गेलं. उजेड नको, कुकरची शिट्टी नको, मधेच रडू. आणि त्या संध्याकाळी डबा माझ्या शेजारी भिंतीवर आदळला. "बंद कर ते शिकणं!" शेजारचे काका म्हणाले, "कामावर जायचं नाय, म्हणून नाटकं." आईनं कंपनीत ताप आल्याचं कळवलं.

दोन वर्षांनी तुम्ही हृदयविकारानं गेलात. "बंद कर ते शिकणं" हे तुमचं वाक्य मात्र राहिलं. घरातली पहिली पदवी मी तुमच्यावर रुसून मिळवली.

आता मी शाळेत शिकवते. दोन महिन्यांपूर्वी खिडकीच्या उघड्या झडपेखालून उठताना डोकं आपटलं. टेंगूळसुद्धा धड आलं नाही. पंधरवड्यानं मुलं पाढे म्हणत असताना मी डस्टर टेबलावर आपटलं आणि ओरडले, "बंद करा ते!" मला तुमचा आवाज ऐकू आला.

छावणी भागातल्या दवाखान्यात मानसोपचाराच्या डॉक्टर बाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "डोक्याचा स्कॅन चांगला असला तरी मारानंतर असं होतं. हे नाटक नाही. आणि बहुतेक जण बरे होतात." मी तिथंच रडले, पण हलकी होऊन. तुम्हाला माझा आवाज सोसत नव्हता, अण्णा. शिकण्याशी तुमचं भांडण नव्हतंच, असं मी आता धरून चालते. झोपही लागतेय.

आई म्हणते, "रजेच्या अर्जात ताप लिही गं. असलं लिवल्यावर स्थळं येतील व्हय? नोकरी जाईल ती येगळीच."

हे पत्र वहीतच राहील. एक सांगायचं होतं: काका नाटकं म्हणाले तेव्हा मीही मान डोलावली होती.

काल अर्ज दिला. कारण लिहिलं: डोक्याला मुका मार, त्यानंतरचा मानसिक त्रास.