डब्यातली तिकिटं

ठाणे, ६ जानेवारी २०२५

ती. शुभदाताईस,
उत्तराचा सा. न. वि. वि.

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहिते. कागदाचं तुला तसंही प्रेम आहे.

महिनाअखेर तुमची बिल्डिंग पाडणार, तुला टिटवाळ्याच्या भाड्याच्या घरात जायचंय. मी सामान बांधायला कोपरला आले, तर तू बिस्किटांचा डबा मांडीवर घेऊन बसलेलीस. नाटकांची तिकिटं, लग्नपत्रिका, आइस्क्रीमच्या कपाचं झाकण. शिवाय हॉटेलचं एक बिल, शाई केव्हाच उडालेली. त्या कोऱ्या कागदाकडे बघून तू हसत होतीस. रघुभाऊजी गेल्यापासून हे वाढतच चाललंय.

तू दूध आणायला खाली गेलीस तेव्हा मी डबा वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात रिकामा केला आणि गठ्ठा रद्दीवाल्याला दिला. डबा धुऊन ठेवलाय, पोह्यांना होईल. चार दिवस रुसशील, मग मोकळं वाटेल.

लोभ आहेच, तो तरी डब्यात कोंबू नकोस.

तुझी,
उत्तरा

कोपर, ९ जानेवारी

चि. उत्तरास,
आशीर्वाद, मोठी आहे म्हणून.

डब्यात पोहे भरलेले नाहीत. तुझ्या घरात सोफ्यावर बसायचीही भीती वाटते, इतकं ते आवरलेलं. आनंदाची एक खूण ज्या घरात नाही, तिथल्या बाईनं मला कचरा म्हणजे काय ते शिकवू नये.

रद्दीवाल्याचा माल शीळफाट्याच्या गोदामात गेलेला. रिक्षा करून तिथं गेले. गोदामवाला आधी हसला, मग त्यानं स्टूल दिलं. दुपारभर पोती उपसली. कुणाच्या पत्रिका, कुणाच्या बारशाचं आमंत्रण, सर्कशीची तिकिटं. हातात धरून बघितली, काही झालं नाही. परक्याच्या कागदात आपलं कुणी नसतं. माझा एकही कागद मिळाला नाही.

यांच्याबरोबरचं पहिलं नाटक गडकरीत पाहिलेलं. ते तिकीट हातात घेतलं की यांचा आवाज ऐकू यायचा. आता आठवायला बसते, तर नाटकाचं नावही येत नाही. सामान हलवायला येऊ नकोस.

आशीर्वाद दिलेत, बाकी काही मागू नकोस.

शुभदा

ठाणे, १२ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. विनंती गाळली आहे, तू ऐकणार नाहीस.

सत्तरीला आलेली बाई ट्रकांच्या धुळीत पोती उपसते आणि अक्कल मला शिकवते. खोकला झाला असेलच. कागद परत येणार नाहीत, आणि मी नाकही घासणार नाही.

पण त्या नाटकाचं ऐक. साखरपुडा झालेला, तरी आईनं तुम्हाला एकटं सोडलं नाही, मला बरोबर पाठवलं. नाटक रटाळ होतं, नाव मलाही आठवत नाही. मध्यंतरात भाऊजींनी मला वड्यांच्या रांगेत गाठलं आणि घाम पुसत विचारलं, की तुझ्या ताईशी बोलायचं काय. मी म्हटलं, भेंडी आवडते का विचारा. पुढचा अंक सुरू झाल्यावर त्या शहाण्या माणसानं अंधारात तुला तेच विचारलं. तू जी हसत सुटलीस, ती मागच्या बाईनं छत्रीनं टोचेपर्यंत. तेव्हापासून तू सगळ्यांना सांगत आलीस, की माणूस किती निर्मळ, पहिलाच प्रश्न भेंडीचा. प्रश्न माझा होता. कुणाला सांगू नये म्हणून त्यांनी मला आणखी एक वडा घेऊन दिला.

हे तुझ्या तिकिटावर लिहिलेलं नव्हतं. असं बरंच आहे माझ्याकडे. सामान हलवायला मी येणारच. भांडी बांधता बांधता काय हवं ते विचार. मी अजून रद्दीत गेलेले नाही.

लोभ कमी झाला असेल, तर तेवढाच राहू दे.

तुझी,
उत्तरा