सात मुद्द्यांची तक्रार आणि एक परात

अमरावती,
बुधवार

ती. ज्योत्स्नाताईस,

मायाचा सप्रेम जयभीम. तुझा डावा गुडघा, भाऊजींची साखर आणि अकोल्याचा उकाडा हे तिन्ही आटोक्यात असतील असं धरून चालते. नसतील तर उलट टपाली कळव, पण गुडघ्याचा मजकूर एका परिच्छेदात बसव (मागच्या वेळी चार झाले होते). पोस्टाचं पत्र पाहून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोन केला नाही कारण फोनवर तू मध्ये बोलतेस, आणि या वेळी मला मध्ये कोणी बोललेलं चालणार नाही. अक्षराला हसायचं असेल तर आत्ताच हसून घे. कॉन्व्हेंटच्या सिस्टर अगाथांनी हे अक्षर पाहिलं असतं तर मला पुन्हा पहिलीत बसवलं असतं.

माझा हात कसा मोडला ते तुला ठाऊक आहे, पण चुकीचं ठाऊक आहे. तू सगळ्या नातेवाइकांना सांगत फिरलीस की माया बडनेरा स्टेशनच्या पुलावर चक्कर येऊन पडली. मला आयुष्यात चक्कर आलेली नाही. पुलाच्या कोपऱ्यात थुंकणाऱ्या एका सद्गृहस्थाला मी स्वच्छतेवर चार शब्द ऐकवत होते आणि पाचवा शब्द नीट लागावा म्हणून एक पाऊल पुढे टाकलं, तिथे पायरी नव्हती. (तो गृहस्थ मला उचलायला धावून आला, हे कबूल करताना आजही त्रास होतो.) उजवं मनगट गेलं. सहा आठवड्यांनी प्लास्टर कापलं तेव्हा आतून जो हात निघाला तो माझा नव्हता, फ्रीजमध्ये मागे राहून गेलेल्या काकडीसारखा काहीतरी होता. मूठ मिटेना, तळवा उघडेना, पेन धरता येईना. टेलिफोन खात्यात पस्तीस वर्षं नोकरी केलेली, शंभर माणसांवर सुपरवायझर असलेली बाई ब्लाऊजचे हूक लावून घ्यायला रोज सकाळी शेजारच्या प्राजक्ताचं दार वाजवत होती. हे तुला तेव्हा सांगितलं नाही. आता सांगितलं, विसरून जा.

डॉक्टरांनी मला आपल्या त्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात फिजिओथेरपीला पाठवलं. तिथे आचल नावाची सव्वीस वर्षांची डॉक्टर आहे, परतवाड्याची. तिने पहिल्याच दिवशी मला ‘आजी’ म्हटलं. मी तिला सांगितलं की मी लग्न केलेलं नाही, तेव्हा हा हुद्दा मला मिळण्याचा प्रश्नच येत नाही. ‘बरं, मॅडम,’ म्हणाली आणि हातात एक पिवळा रबरी चेंडू दिला. दाबा म्हणाली. मी दाबला. चेंडूला काही कळलं नाही.

त्या खोलीतच मला पंचफुलाबाई दिसल्या, आणि ताई, हे सगळं पत्र त्यांच्याबद्दल आहे. बाळापूरकडच्या, साठीच्या, जन्मभर शेतमजुरी केलेल्या. दीड वर्षापूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, उजवा हात छातीशी आखडून मूठ बंद झाली. इथे बडनेऱ्याला लेकीकडे राहून उपचार घेतात. आचलने त्यांना लाकडी पाटीवरच्या भोकांत प्लास्टिकच्या रंगीत खुंट्या बसवायला दिल्या होत्या. मी यायच्या आधी महिनाभर त्यांनी त्या बसवल्या. मग म्हणाल्या, ‘मॅडम, ह्या खुट्ट्या ठोकून मले का भेटून राह्यलं? मले भाकर थापता येत नाही, तेवढं पाहा ना.’ आचल म्हणाली, ते नंतर, आधी बोटं सुटू द्या. दुसऱ्या दिवशी पंचफुलाबाई थैलीत परात आणि ज्वारीचं पीठ घेऊन आल्या, खाली फरशीवर बसल्या आणि नर्सकडे गरम पाणी मागितलं.

आता यात काय झालं ते मी तुला सांगायची गरज नाही, तू आयुष्यभर भाकरी थापल्या आहेत. पीठ गरम पाण्याने भिजवायचं, म्हणजे आखडलेला हात आधी शेकला जातो. मळायचं मनगटाच्या जोरावर. आणि थापायला तळवा सपाट उघडावाच लागतो, बंद मुठीने भाकरी होत नाही. पंचफुलाबाईंनी डावा हात उजव्या हातावर ठेवला आणि उजव्याला दटावत दटावत थापायला लावलं. परात सरकते म्हणून खाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातला. आचलने (इथे मी तिला पैकीच्या पैकी गुण देते) त्यांना उठवलं नाही. ती शेजारी मांडी घालून बसली आणि वही काढली.

पण खरी गंमत पुढे. पंचफुलाबाई भाकरीच्या कडेवरून बोट फिरवायच्या आणि म्हणायच्या, ‘इथं जाड हाय. म्हंजे करंगळी चोर हाय, काम करून नाही राह्यली.’ भाकरी जिथे जाड राहते तिथलं बोट दबत नाही, इतकं साधं. बोटांचा जोर मोजणाऱ्या ज्या यंत्रासाठी आचल दोन वर्षं अर्ज करत होती, ते परातीत पडलेलं होतं. तिने काडेपेटीच्या काडीवर खुणा केल्या, भाकरीत पाच ठिकाणी टोचून जाडी मोजली आणि रोजच्या रोज वहीत लिहायला लागली. दोन महिन्यांत तिथे पंधरा पेशंट पराती घेऊन बसायला लागले. निवृत्त तहसीलदार किसनराव, ज्यांनी घरी स्वतःच्या हाताने पाण्याचा पेला घेतला नसेल, ते कंप सुटणाऱ्या हाताने भाकरी थापतात आणि शेजारणीपेक्षा आपली गोल झाली की सगळ्यांना दाखवत फिरतात. चूल नाही, तवा नाही, भाजायचा प्रश्न नाही. थापलेलं मोडायचं, पुन्हा मळायचं, आणि शेवटी उरलेलं पीठ चौकीदार सहदेवच्या शेळीला. (शेळी इतकी जाड झाली आहे की तिलाच आता व्यायाम हवा.)

हे सगळं मी आज इतक्या कौतुकाने लिहिते आहे, पण पहिल्या आठवड्यात मी काय केलं ते तुला माहीत आहे, कारण ते तूच टाइप केलंस. माझ्या पांढऱ्या सुती साडीवर पीठ सांडलं आणि पर्समध्ये मुंग्या निघाल्या. मी संतापले. हे हॉस्पिटल आहे की बचत गटाचा मेळावा! तुला फोन लावून सात मुद्द्यांची इंग्रजी तक्रार सांगितली: स्वच्छता, मुंग्या, निसरडी फरशी, गरम पाण्याचा धोका, शास्त्रीय आधाराचा अभाव, रुग्णाची प्रतिष्ठा आणि शेळी. कोर्टात पस्तीस वर्षं स्टेनो असलेली माझी बहीण, एक चूक नाही. तू फक्त मध्ये एकदा थांबलीस आणि विचारलंस, ‘अगं, भाकरीवर कशाला तक्रार करतेस?’ मी म्हटलं, तू टाइप कर. मला सही करता येत नव्हती म्हणून खाली ‘एक व्यथित रुग्ण’ एवढंच लिहायला लावलं, आणि तू ते अकोल्यातून टपालात टाकलंस.

नंतर दोन आठवडे मी चेंडू दाबला. तिसऱ्या आठवड्यात पंचफुलाबाईंनी माझा हात उचलून सगळ्यांना दाखवला. ‘पाहा बरं, कोंबडीच्या पंज्यावानी झाला. इकडं बसा, मॅडम.’ मी म्हटलं, मला भाकरी येत नाही. त्यांना वाटलं हात मोडल्यामुळे येत नाही. मी म्हटलं, नाही, कधीच येत नव्हती. पंचफुलाबाई म्हणाल्या, ‘मंग सदुसष्ट वर्षं कोनाच्या हातच्या खाल्ल्या?’

ताई, तुला आठवत असेल. बडनेऱ्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आई मला चुलीपाशी येऊ देत नव्हती. तू पुस्तक घे, म्हणायची. बाबांच्या पगारात एकीचीच कॉन्व्हेंटची फी बसत होती. मी घोकत बसायची आणि परातीवर हात आपटल्याचा आवाज यायचा, तो आधी आईचा आणि पुढे तुझा. तू संध्याकाळी भाकरी थापून रात्रशाळेत शॉर्टहँड शिकलीस. मी पंचफुलाबाईंना म्हटलं, आईच्या, मग बहिणीच्या, आणि आता स्वयंपाकाला माणिकबाई येतात त्यांच्या. ‘बरं,’ म्हणाल्या, ‘आता सोताच्या खा.’

माझी पहिली भाकरी वऱ्हाडाच्या नकाशासारखी झाली, वरच्या अंगाला मेळघाट सुटलेला. पंचफुलाबाईंनी ती मोडली. दुसरीही मोडली. मला सिस्टर अगाथांनीसुद्धा इतकं बोलून घेतलं नव्हतं. ‘मॅडम, पिठाले ऑर्डर देऊन राह्यले का? दाबा त्याले!’ पण पाचव्या आठवड्यात मी कुलपात किल्ली फिरवली. सहाव्या आठवड्यात एका सकाळी प्राजक्ताने स्वतःच येऊन विचारलं, आजी, आज आल्या नाहीत? मी हूक लावून तयार बसले होते. (ती आजी म्हणाली ते त्या दिवशी मी चालवून घेतलं.)

आणि गेल्या शुक्रवारी भिंतीवर नोटीस लागली. आलेल्या तक्रारीवरून परातीचा प्रकार बंद. पराती कपाटात, कपाटाला कुलूप. आचल कंत्राटी आहे, तिला मेमो मिळाला. येत्या सोमवारी साडेअकराला समिती बसणार आणि तिला ठेवायचं की नाही ते ठरवणार. तक्रारीच्या कामाला लागायला या लोकांना दोन महिने लागले. एरवी मी म्हटलं असतं किती हा ढिसाळ कारभार, पण या वेळी वाटलं, आणखी थोडा ढिसाळ असता तर काय बिघडलं असतं? सहदेवची शेळी दुपारभर दाराशी उभी होती.

पंचफुलाबाईंनी थैली आवरली. म्हणाल्या, ‘ज्यानं हे लिवलं त्याले भाकर भेटो. पन करपून भेटो.’ किसनरावांनी तक्रारीची प्रत मिळवली, चष्मा लावून वाचली आणि जाहीर केलं की ही भाषा कोणा निवृत्त न्यायाधीशाची दिसते. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. त्यानंतर सगळे त्या अज्ञात माणसाला बोलायला लागले आणि सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. परिणाम असा झाला की या तक्रारीला इंग्रजीत उत्तर लिहिण्याचं काम सर्वानुमते माझ्याकडे आलं.

तीन दिवस मी माझ्याच तक्रारीला उत्तर शोधते आहे. सापडत नाही. मुद्दे फार चांगले आहेत. फरशी निसरडी होतेच. मुंग्या होत्याच. शेळीबद्दल तर बोलायलाच नको. मी पाच वेळा वाचली आणि पाचही वेळा मला ती पटली. आचल मात्र मला चहा आणून देते आणि म्हणते, मॅडम, तुम्ही आहात म्हणून धीर आहे. सव्वीस वर्षांची मुलगी, नोकरी जायची वेळ आली आहे आणि विचारते काय, तर मनगट दुखत नाही ना.

तर असं आहे. बाकी क्षेम. भाऊजींना नमस्कार सांग आणि त्यांना आंबे देऊ नकोस.

तुझी,
माया

ता. क. सोमवारी सकाळच्या गाडीने ये. तुझ्याकडे राहिलेली तक्रारीची दुसरी प्रत आण. मी समितीपुढे ती माझी आहे असं सांगणार आहे आणि त्यांच्यासमोर तिच्यावर सही करणार आहे, मग त्याच पेनाने खाली लिहिणार आहे की तक्रार मागे घेतली. दोन महिन्यांपूर्वी मला ही सही का करता आली नव्हती आणि आज का येते, हे आचलच्या वहीत काडीने मोजून लिहिलेलं आहे, ते त्यांनी वाचावं. सात मुद्द्यांना माझ्याकडे एवढंच उत्तर आहे. फरशीसाठी चटई आणि मुंग्यांसाठी झाकणाचा डबा मी देईन. शेळीचं काय ते सहदेव पाहील.

ता. क. दुसरा. पाकिटावर अकोल्याचा शिक्का असल्याचं किसनरावांच्या लक्षात आलं, तेव्हा मी बोलून गेले की अकोल्याचे लोक असेच. तू खोलीत आलीस की काही जण तुझ्याकडे वाकडं पाहतील. अकोल्याची आहेस हे लगेच सांगू नकोस.

ता. क. तिसरा, आणि शेवटचा. पंचफुलाबाईंपासून मी हे सोमवारपर्यंत लपवून ठेवू शकले नाही. आज सकाळी बडनेऱ्याला त्यांच्या लेकीच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. त्या चुलीपाशी गेल्या, उजव्या हाताने भाकरी थापली (गोल, ताई, कडेने एकसारखी, करंगळीपाशीसुद्धा), तव्यावर टाकली आणि काळी होईपर्यंत माझ्याकडे पाहत बसल्या. मग ताटात वाढली आणि म्हणाल्या, ‘खा.’ मी अर्धी खाल्ली. मग विचारलं, ‘टाइप कोनं केलं होतं?’ मी तुझं नाव सांगितलं. उरलेली अर्धी त्यांनी फडक्यात बांधून माझ्याजवळ दिली आहे. सोमवारी उपाशी ये.